बापाविना जन्मलेली पिल्लं : गुणसूत्रांची दुसरी वही येते कुठून?

डिसेंबर-जानेवारीत परभणी, लातूर, बीडकडच्या करडईच्या एखाद्या रानात जा आणि शेंड्याकडचं पान उलटं करून बघा. काळपट मावा दाटीने चिकटलेला असतो. बोटांना चिकटा लागतो, खालच्या पानांवर काजळी धरलेली दिसते. साधं भिंग घेऊन त्यातल्या एखाद्या जाडजूड माव्यावर थोडा वेळ नजर ठेवली, तर बऱ्याचदा जन्म बघायला मिळतो. मागच्या बाजूने एक इवलंसं पिल्लू बाहेर येऊ लागतं, आधी शेपटीकडचा भाग आणि शेवटी डोकं. पाय मोकळे झाले की ते आईच्या शेजारीच पानात सोंड खुपसून रस प्यायला लागतं. इथे अंडं घातलेलं नाही आणि त्या झाडावर नरही नाही. दिसतोय तो प्रत्येक मावा मादी आहे.

अधूनमधून बातम्या येतात : कुठल्याशा देशात मगरीने नराशिवाय अंडी घातली, शार्कला एकटीनेच पिल्लू झालं. मथळ्यात ‘चमत्कार’ हा शब्द ठरलेला. माव्याचं कौतुक मात्र कुणी छापत नाही. माझा आक्षेप चमत्कार या शब्दापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला आहे. मावा, मधमाशी, मगर या सगळ्यांना एकाच माळेत ओवून ‘नराविना जन्म’ असं म्हटलं की खरी गंमत हातातून निसटते. शास्त्रात या सगळ्याला अनिषेकजनन असं एकच नाव असलं, तरी प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे आणि तिची किंमतही वेगळी आहे.

नेहमीच्या पद्धतीत काय होतं ते आधी पाहू. बहुतेक प्राण्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. एकाच विषयाच्या दोन वह्या आहेत असं समजा. मजकूर जवळपास सारखा, पण लिहिणारे दोघं वेगळे, म्हणून चुकाही वेगवेगळ्या जागी. एका वहीतलं एखादं पान फाटलेलं असलं तरी दुसरीत ते शाबूत असतं आणि काम अडत नाही. बीजांड तयार होताना मादी आपल्या दोन वह्यांतली पानं आपसांत मिसळून एकच वही बनवते. शुक्राणूतही एकच वही असते. दोघांची गाठ पडली की पुन्हा दोन होतात. मग नर आलाच नाही आणि तरी पिल्लू झालं, तर दुसरी वही आली कुठून? पुढच्या प्रत्येक प्राण्याला आपण हाच प्रश्न विचारणार आहोत.

माव्याचं उत्तर सरळ आहे. तिथे बीजांड बनताना दोनाची एक वही होतच नाही. आईच्या दोन्ही वह्या जशाच्या तशा लेकीला मिळतात, म्हणून लेक ही आईची हुबेहूब नक्कल असते. वेग तर असा की, जन्मलेली पोर साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागते. ती आईच्या पोटात असतानाच तिच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ सुरू झालेली असते. आजीच्या अंगात आई आणि आईच्या अंगात नात, अशा तीन पिढ्या एकाच इवल्या शरीरात. ‘परवा फवारणी केली आणि आज पुन्हा पीक काळं’ ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते.

हे पहिल्यांदा पद्धतशीर सिद्ध केलं ते शार्ल बोने या स्विस तरुणाने, १७४० साली. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. नुकतंच जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू त्याने काचेखाली एकटं ठेवलं आणि दिवसेंदिवस नोंदी केल्या. नराचं तोंडही न पाहिलेल्या त्या मादीने ९५ पिल्लं दिली. जीवशास्त्रातला हा सुंदर प्रयोग आहे, आणि त्याला खर्च काहीच नव्हता. लागली ती फक्त चिकाटी.

थंड देशांत माव्याच्या बऱ्याच जातींना शरद ऋतूत दिवस लहान होत गेले की नर होतात. मग मीलन होतं आणि मादी अंडी घालते. थंडी निभावते ती ही अंडी. आपल्याकडे हिवाळा असा जीवघेणा नसल्यामुळे बहुतेक मावा वर्षभर माद्यांवरच भागवतो. २००२ साली सांगलीकडून उसात शिरलेला लोकरी मावा आठवतो का? तोही असाच, माद्यांच्या जोरावर पसरला आणि मराठवाड्यातल्या उसापर्यंत येऊन पोचला.

या नकलांमध्ये एक धोका दडलेला आहे. एखाद्या मादीला एखादं औषध पचलं, तर ती ताकद तिच्या सगळ्या लेकी-नातींमध्ये जशीच्या तशी उतरते. नराशी संबंध येत नाही, त्यामुळे गुणांची सरमिसळही होत नाही. म्हणून तेच ते औषध पुन्हा पुन्हा फवारणं माव्याच्या बाबतीत फार महागात पडतं. त्यात ढालकिडा आणि क्रायसोपा हे माव्यावर जगणारे मित्रकिडेही मेले, की मग रान माव्यालाच मोकळं.

पाझर तलावातली पाणपिसू, म्हणजे पाण्यातला एक इवलासा कवचधारी जीव, यापेक्षा हुशारीने वागते, आणि दुष्काळी मुलखातल्या माणसाने तिच्याकडे जरूर बघावं. पावसाळ्यानंतर पाणी भरपूर असतं, खायला शेवाळ असतं, तेव्हा तीही नराशिवायच भराभर लेकी देते. पाणी आटू लागलं, गर्दी झाली, अन्न कमी पडलं, की त्याच माद्या नर जन्माला घालतात. मग मीलन होतं आणि जाड कवचाची अंडी तयार होतात. तलावाचा तळ भेगाळतो, वर उन्हाळा तापतो, गुरं त्यावरून चालत जातात, पण अंडी गाळात टिकून राहतात. पाऊस पडून पाणी साचलं की त्यातून माद्या बाहेर येतात. सुगीत एकटीचा कारभार आणि संकट दिसलं की जोडीदार, असा हिशोब. पुढची परिस्थिती कशी असेल याची खात्री नसते तेव्हा वेगवेगळ्या गुणांची संतती हाताशी असलेली बरी, आणि ती मीलनातूनच मिळते.

मधमाशीचं उत्तर अगदी उलटं आहे. तिथे दुसरी वही येतच नाही. राणीमाशी साठवलेले शुक्राणू वापरून अंडं घालते तेव्हा मादी होते, म्हणजे कामकरी माशी किंवा नवी राणी. शुक्राणू न वापरता घातलेल्या अंड्यातून नर होतो. मादीत ३२ गुणसूत्रं, नरात १६. म्हणजे नरमाशीला बाप नसतो, पण आईचा बाप, म्हणजे आजोबा, असतो. १८४५ साली योहान झेर्झोन या मधमाश्या पाळणाऱ्या धर्मगुरूने हे मांडलं, तेव्हा ते लोकांच्या पचनी पडायला बराच काळ गेला.

कापसात आणि उसात आपण जी ट्रायकोकार्डं लावतो, त्यांतली ट्रायकोग्रामा ही चिमुकली गांधीलमाशीही याच पठडीतली : शुक्राणू मिळाले तर मादी, नाहीतर नर. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात. ती तांदळावरच्या पतंगाची असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा वाढत असते. बोंडअळीच्या किंवा खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते ती मादी, त्यामुळे शेतकऱ्याच्या कामाची तीच. आता विलक्षण भाग असा, की ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत नर नसतानाही माद्याच जन्मतात. त्यामागे वोल्बाकिया नावाचा जिवाणू आहे. तो फक्त बीजांडातूनच पुढच्या पिढीत जातो, म्हणून नर त्याच्या दृष्टीने कुचकामी. त्याच्यामुळे अफलित अंड्यातली एकुलती वही दुप्पट होते, आणि जो नर व्हायचा तो मादी होतो. १९९० साली शास्त्रज्ञांनी अशा माश्यांना प्रतिजैविक दिलं. जिवाणू मेला आणि नर पुन्हा जन्माला येऊ लागले. नराविना जन्म हा कधी कधी मादीचा स्वभाव नसून तिच्या अंगातल्या परक्या जिवाचा डाव असतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

आता कणा असलेल्या प्राण्यांकडे येऊ. इथे बहुतेकांना नर हवाच असतो, पिढ्यान्‌पिढ्या मीलनानेच संतती होते, आणि तरीही कधीतरी एखादी मादी एकटीने पिल्लू देते.

असं काही दिसलं की जाणकार माणूस पहिली शंका घेतो ती साठवलेल्या शुक्राणूंची, आणि ती घ्यायलाच हवी. गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांना हे माहीत असतं. कोंबडा विकला, तरी पुढचे दहा-पंधरा दिवस कोंबडी जी अंडी घालते त्यातून पिल्लं निघू शकतात, कारण तिच्या शरीरात शुक्राणू टिकून असतात. काही सापांमध्ये ते कित्येक महिने, कधी काही वर्षंही टिकतात. त्यामुळे ‘इतकी वर्षं एकटी होती’ एवढ्यावर काही ठरत नाही. आई आणि पिल्लू यांच्या जनुकांची तपासणी करावी लागते. पिल्लाच्या एकूण एक खुणा आईतच सापडल्या, बाहेरची एकही नाही, तरच बाप नाही असं म्हणता येतं.

ही तपासणी हाताशी नव्हती त्या काळातही अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात एम. डब्ल्यू. ओल्सन यांनी १९५०च्या दशकात टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्यावर बरंच काम केलं. नरापासून दूर ठेवलेल्या माद्यांची अंडी उबवल्यावर काहींमध्ये गर्भाची वाढ सुरू झालेली दिसली. बहुतेक गर्भ मेले, थोडी पिल्लं निघाली आणि ती सगळी नर. त्यांतले काही वाढून बापही झाले.

सगळी नरच का? पक्ष्यांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं ‘झेड’ आणि ‘डब्ल्यू’. नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. बीजांडात एक तर झेड जाणार, नाहीतर डब्ल्यू. नर नसताना बीजांडातल्या त्या एकाचीच जोडी झाली, तर झेड-झेड म्हणजे नर, किंवा डब्ल्यू-डब्ल्यू, म्हणजे जगण्याची शक्यता नाही. म्हणून जगतात ते नर. शार्कमध्ये अशी पिल्लं आजवर माद्याच मिळाली आहेत, म्हणजे तिथे सारखी जोडी मादीकडे असावी. पिल्लू नर की मादी यावरून त्या प्राण्याच्या लिंगगुणसूत्रांचा अंदाज बांधता येतो, इतका हा नेम पक्का आहे.

२००६ साली इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा या कोमोडो ड्रॅगन (अजस्र घोरपड) मादीने २५ अंडी घातली. तिचा नराशी कधीच संबंध आला नव्हता. खराब झालेल्या काही अंड्यांतल्या गर्भांची तपासणी केली तेव्हा बाप नसल्याचं सिद्ध झालं. पुढे उरलेल्यांतून पिल्लं बाहेर आली. लंडनच्या सुंगाई या मादीने आधी एकटीने पिल्लं दिली आणि नंतर नर मिळाल्यावर मीलनानेही. म्हणजे एकदा हा मार्ग घेतला की परतीची वाट बंद, असं नाही. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथल्या लिओनी या झेब्रा शार्कने उलट क्रम केला : आधी नराबरोबर संसार, मग नर दूर केल्यावर २०१६ मध्ये एकटीची पिल्लं.

या मंडळींना दुसरी वही कुठून मिळते? मादीच्या शरीरात बीजांड बनतं तेव्हा पेशीची वाटणी समान होत नाही. एक पेशी मोठी होते, तेच बीजांड, सगळं अन्न तिच्याकडे. वाटणीत निघालेल्या बाकीच्या पेशी अगदी लहान असतात. त्यांना पोलर बॉडी म्हणतात आणि एरवी त्या विरून जातात. त्यांच्यातही एकेक वही असतेच. क्वचित त्यातली एक पेशी बीजांडाशी पुन्हा जुळते आणि शुक्राणूची जागा घेते. आईने टाकून दिलेलीच वही परत कामी येते.

म्हणून फ्लोराची पिल्लं तिची नक्कल नव्हती. बातम्यांमध्ये सर्रास ‘क्लोन’ लिहिलं जातं, ते चूक आहे. क्लोन माव्याची लेक. इथे पिल्लाला मिळालेलं सगळं आईचंच असतं हे खरं, पण आईचं सगळं पिल्लाला मिळत नाही. बीजांडातली वही आणि पोलर बॉडीतली वही यांचा बराच मजकूर अगदी एकसारखा असतो, त्यामुळे आईच्या एका वहीतलं फाटकं पान पिल्लाच्या दोन्ही वह्यांत फाटकंच येण्याचा धोका मोठा. आईत झाकून राहिलेले दोष पिल्लात उघडे पडतात. अशा अंड्यांतले बहुतेक गर्भ मरतात आणि जगलेलं पिल्लूही अनेकदा कमजोर निघतं, त्याचं कारण हे.

कॅलिफोर्निया काँडर या प्रचंड गिधाडाच्या बाबतीत हे स्पष्ट दिसलं. १९८०च्या दशकात ही जात इतकी कमी झाली की उरलेले सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात त्यांची पैदास करावी लागली. प्रत्येक पिल्लाच्या आईबापाची जनुकीय नोंद ठेवली गेली. त्या नोंदी तपासताना दोन नर असे सापडले की त्यांचा बाप कुठल्याही नोंदीत बसेना. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोघांनाही बाप नव्हताच. पहिला दोन वर्षांचा होण्याआधी मेला, दुसरा आठ वर्षांचा होत आला असताना. त्यांच्या आया मात्र एकट्या नव्हत्या. दोघींबरोबर चांगले पिल्लं देणारे नर होते. नर मिळत नाही म्हणून मादी नाइलाजाने असं करते, ही समजूत इथे कोसळली. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. नर शेजारी असताना झालेल्या अशा जन्माकडे कोण कशाला बघणार? तो किती ठिकाणी नजरेआड होत असेल!

जंगलातही हे घडतं. अमेरिकेतल्या दोन जातींच्या विषारी सापांत ते २०१२ साली नोंदलं गेलं. फ्लोरिडात करवतमाशांची तपासणी करताना सात माद्या बापाविना जन्मलेल्या निघाल्या. तो निष्कर्ष २०१५ चा. आणि ती बातमीतली मगर कोस्टा रिकातली. ती मात्र जंगलातली नव्हती : दोन वर्षांची असताना तिला प्राणिसंग्रहालयात आणलं, पुढची १६ वर्षं ती एकटीच राहिली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिने १४ अंडी घातली. एकाही अंड्यातून जिवंत पिल्लू आलं नाही, पण एकात पूर्ण वाढलेला गर्भ होता आणि तो फक्त तिचाच होता. पक्षी आणि मगर ही डायनोसॉरची जवळची नाती. दोघांतही ही क्षमता आढळल्यामुळे ती डायनोसॉरमध्येही असावी, असा अंदाज संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला.

आपल्या अंगणातला वाळा या सगळ्यांच्या पुढे गेलेला आहे. पहिल्या पावसानंतर मोरीत, कुंडीखाली, ओल्या मातीत काळसर चकचकीत गांडुळासारखं काही वळवळतं आणि लोक ‘नागाचं पिल्लू’ म्हणून ठेचतात, तोच हा पूर्ण वाढलेला, बिनविषारी साप. मुंग्या आणि वाळवीची अंडी खाऊन जगतो. या जातीत आजवर फक्त माद्याच सापडल्या आहेत, आणि त्यांच्याकडे दोन नाही तर तीन वह्या असतात. त्यांना नर कधीच लागत नाही. कुंडीतल्या मातीतून एक मादी गेली तरी नव्या मुलखात वस्ती उभी राहते. असा प्रवास करत हा साप आफ्रिका, अमेरिका, पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत पसरला आहे. कृपा करून त्याला मारू नका.

मग देवणी गाय किंवा उस्मानाबादी शेळी असं का करत नाही? सस्तन प्राण्यांत एक कुलूप आहे. काही जनुकं अशी आहेत की ती फक्त बापाच्या वहीतूनच वाचली जातात, आईच्या वहीत तीच पानं चिकटवून बंद केलेली असतात. काहींचं याच्या उलट. गर्भाची आणि वारेची वाढ या पानांवर अवलंबून असते. दोन्ही वह्या आईच्याच असल्या, तर बापाकडून वाचायची पानं दोन्हीकडे बंद, आणि गर्भ अर्ध्यात थांबतो. १९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे उलगडलं. जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांच्या गटाने २००४ साली जनुकांमध्ये फेरफार करून दोन आयांची, बाप नसलेली कागुया ही उंदरी जन्माला घातली. २०२२ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी एकाच मादीच्या एका अफलित बीजांडातून उंदराचं पिल्लू मिळवलं, तेही ही बंद-उघड पानं प्रयोगशाळेत बदलून. निसर्गात सस्तन प्राण्यांचं असं एकही पिल्लू सापडलेलं नाही. कृत्रिम रेतनाचा इथे काही संबंध नाही. वळू गोठ्यात येत नाही इतकंच, त्याची वही वीर्याच्या कांडीतून येतेच.

माणसातही बीजांड कधी कधी आपल्या आपण वाढायला लागतं. पण ते बाळ होत नाही. बीजांडकोशात त्याची गाठ होते, तिला डर्मॉइड सिस्ट म्हणतात. गर्भाच्या पेशींमध्ये त्वचा, केस, दात घडवण्याची क्षमता असते, ती दिशाहीन सुटते, म्हणून अशा गाठीत केस, चरबी, कधी दातही सापडतात. तरुण मुलींमध्ये ही गाठ मुळीच दुर्मीळ नाही, आणि बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. सोनोग्राफीत दात दिसले म्हणून अविवाहित मुलीच्या चारित्र्यावर बोललं जातं, कुठे करणीचा संशय घेतला जातो, आणि ती पोर गप्प बसून दुखणं सोसते. ही गाठ होण्यासाठी पुरुषाचा कसलाही संबंध यावा लागत नाही. ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ आली आणि उलट्या होऊ लागल्या, तर गाठीसकट बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गाठ शस्त्रक्रियेने काढता येते, बऱ्याचदा बीजांडकोश वाचवून, आणि पुढे मूल होण्यातही सहसा अडचण येत नाही.